खिडकी उघडली का?

बेकरीवालीच्या नाकावर राग कायम बसलेला असतो, हे तिच्या ओळखीचं कोणीही सांगेल. पण मागे एका तापातून ती उठली, तेव्हा नाकावर राग तेवढा शिल्लक राहिला होता. वास गेला होता. सर्दी उतरली की येईल, म्हणून तिनं वाट पाहिली. सर्दी उतरली, खोकला गेला, तोंडाची चवही थोडीफार परतली, वास मात्र गेला तो गेलाच. डॉक्टरांनी नाकात दिवा घालून पाहिलं, "येईलही, किंवा नाहीही येणार" असं मोलाचं निदान केलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

बेकरी चालवणाऱ्या बाईचा वास जाणं म्हणजे काय, हे ज्यानं कधी पाव भाजला नाही त्याला सांगून कळायचं नाही. तिनं आयुष्यात घड्याळ बघून पाव काढला नव्हता. ती काउंटरवर गिऱ्हाइकाशी गप्पा मारत असे आणि बोलता बोलता वाक्य अर्धवट टाकून उठे, कारण आत भट्टीतला पाव झालेला असे. आता ती वाक्य पूर्ण करू लागली आणि पाव करपू लागले. एकदा तर खवट लोण्याची बिस्किटं विकली गेली. वर्षानुवर्षांच्या एका गिऱ्हाइकानं पुडा परत आणला आणि एक अक्षर न बोलता काउंटरवर ठेवला. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्या दिवशी ती पिठाच्या खोलीत जाऊन रडली, आणि रडण्यात वेळ गेला म्हणून स्वतःवरच चिडली.

लेकीनं तिला मोबाईलवर एका ग्रुपमध्ये घातलं. वास गेलेल्या माणसांचा ग्रुप, हजारो लोक. सकाळ उजाडली की तिथे फुलं उमलायची, दुपारी लिंबू हुंगायचे उपाय यायचे, संध्याकाळी कोणीतरी तेल विकायचं. बेकरीवालीनं आठवडाभर ही आरास बघितली आणि मग सरळ विचारलं, "माझी बेकरी आहे. लोणी खवट झालंय हे वासाशिवाय कसं ओळखायचं?" उत्तरादाखल जोडलेले हात आले. लाल बदाम आले. "खचू नका ताई" आलं. लोण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मग तिनं लिहिलं, "हात जोडून लोणी ओळखता येत असतं तर मी देवळात बेकरी काढली असती." यावरही तीसेक बदाम आले.

एकट्या एका माणसानं काहीतरी विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शाफ्टमध्ये डोक्यावर आपटून त्याचा वास गेला होता. त्यानं लिहिलं, "मी बायकोला विचारतो. तुमच्याकडे कोण आहे?"

तिच्याकडे कोण होतं? नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला. राहता राहिली मागच्या गल्लीतली नणंद, जी रोज काउंटरवर बसायची आणि जिचं नाक इतकं तिखट की पलीकडच्या घरात काय शिजतंय ते ती बसल्या जागी सांगायची. पण आपला वास गेलाय हे बेकरीवालीनं नणंदेला सांगितलंच नव्हतं. घरच्यांपुढे कमीपणा घ्यायचा म्हणजे तिच्या जिवावर यायचं. त्या संध्याकाळी तिनं लोण्याचा डबा उघडून नणंदेच्या नाकाखाली धरला आणि म्हणाली, "वन्सं, आजपासून हे काम तुमचं. मला काही कळत नाही."

नणंद म्हणाली, "कळत नाही ते मला केव्हाच कळलं होतं, वहिनी. तुम्ही कधी सांगताय याचीच वाट बघत होते."

तर असं ते सुरू झालं. मोठ्या ग्रुपमधून तिनं वेचून वेचून माणसं काढली, बदाम न पाठवता प्रश्न विचारणारी. त्यांचा छोटा ग्रुप केला आणि पहिल्याच दिवशी नियम घातले. इथे प्रत्येकाचं एक 'नाक' असेल, म्हणजे हाकेच्या अंतरावरचं वास येणारं माणूस, आणि त्याचा नंबर सगळ्यांकडे असेल. आणि सकाळी उठल्यावर दिवा लावायच्या आधी, शेगडी पेटवायच्या आधी प्रत्येकानं खिडकी उघडायची आणि ग्रुपवर एकच शब्द लिहायचा, 'खिडकी'. कारण गॅस गळत असेल तर साऱ्या जगाला कळेल, यांना तेवढा कळणार नाही. प्रत्येकावर पुढच्या एकाची जबाबदारी. त्याचा शब्द आला नाही तर फोन करायचा. फुलं पाठवणाऱ्याला काढून टाकण्यात येईल, हेही तिनं नियमात घातलं. लोक तिला भट्टीताई म्हणू लागले. ते नाव बेकरीवरून पडलं की स्वभावावरून, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

बेकरीवालीवर लक्ष ठेवायची पाळी लिफ्टवाल्याची होती. आणि बेकरीवालीनं लक्ष ठेवायचं ते भूगोलाच्या बाईंवर. शाळेतून निवृत्त झालेल्या, दुसऱ्या गावात एकट्या राहणाऱ्या, प्रत्येक वाक्यात चूक काढणाऱ्या. दोघींचं एका दिवसात तीनदा भांडण होई आणि चौथ्यांदा त्या एकमेकींना बिस्किटाचं माप विचारत. बेकरीवालीला हे फार आवडे. ज्या माणसाशी भांडता येतं ते आपलं, असा तिचा साधा हिशोब होता.

मग एक दिवस फडकं पेटलं. भट्टीच्या बाजूला वाळत घातलेलं ओलं फडकं वाळलं, तापलं आणि धुमसू लागलं. नणंद अजून यायची होती आणि ती पाठ करून पीठ मळत होती. समोरच्या दुकानदाराला धूर दिसला म्हणून तो धावत आला. नुकसान काही नाही, भिंत काळी झाली एवढंच. पण लेकीच्या कानावर गेलं. ती तडक आली, भिंतीवरून हात फिरवून काळं झालेलं बोट आईला दाखवलं आणि म्हणाली, "आई, बेकरी चालवायला दे. माझ्याकडे राहायला ये. तू रात्रीची वर एकटी झोपतेस आणि खाली सिलिंडर. मला झोप लागत नाही."

"मी एकटी नाही. रोज सकाळी माझी चौकशी करणारी माणसं आहेत."

"मोबाईलमधली? त्यातलं एक तरी कधी दारात आलंय? तू सकाळी उठली नाहीस तर त्यांना कळेल तरी का?"

"कळेल," बेकरीवाली म्हणाली. "माझी खिडकी आली नाही तर दहा मिनिटांत फोन येईल. नाही आला, तर तू म्हणशील तसं करीन. सामान बांधून तुझ्या दारात येईन."

तिची जीभ तिच्या हाताच्या पुढे धावते, हे जुनंच दुखणं. पण बोलली ते तिला मनापासून वाटत होतं. सगळी बेकरी, वरची खोली, पहाटेचं पीठ मळणं, स्वतःच्या हातानं कमावलेला सगळा संसार तिनं त्या एका शब्दावर लावून टाकला.

काही दिवसांनी पिठाची पोती वर ओढायची कप्पी करकरू लागली. लिफ्टच्या माणसाला कप्प्यांचं कळणार, म्हणून तिनं त्याला दुपारी फोन लावला. बायकोनं उचलला.

"ते दवाखान्यात आहेत. काल शिडीवरून पडले. पाय मोडलाय. कालपासून औषधाच्या गुंगीत आहेत, आत्ता कुठे डोळे उघडलेत."

"अरे देवा. पण आज सकाळी त्यांची खिडकी आली की."

"कसली खिडकी?"

बेकरीवालीनं ग्रुप उघडून पाहिला. लिफ्टवाल्याची 'खिडकी' आली होती, रोजच्या वेळेला. कालची त्याच वेळेची, परवाचीही त्याच वेळेची, मिनिटाचा फरक नाही. तिच्या लक्षात आलं. माणूस गुंगीत, पाय प्लॅस्टरमध्ये, आणि शब्द आपला वेळेवर हजर. रोज आपोआप जाईल असा मोबाईलला लावून ठेवला होता त्यानं. म्हणजे आज सकाळी तिची स्वतःची खिडकी आली नसती तर बघायला पलीकडे कोणी नव्हतंच. आज नव्हतं, आणि याआधी किती दिवस नव्हतं कोण जाणे.

लपवता आलं असतं. पण ती लपवणाऱ्यांतली नव्हती. लोण्याच्या वेळी एकदा लपवून झालं होतं आणि ते पुरे झालं होतं. तिनं लेकीला फोन करून जसं घडलं तसं सांगितलं. लेक टोचून बोलली नाही, उलट तिचा आवाज मऊ झाला, आणि त्यानंच बेकरीवालीला जास्त लागलं.

"रविवारी खोकी घेऊन येते, आई. थोडं थोडं नेऊ."

"ये," बेकरीवाली म्हणाली, "पण रविवारपर्यंत बेकरी माझी आहे."

दुसऱ्या दिवशी काउंटर नणंदेवर सोपवून ती बसनं लिफ्टवाल्याच्या गावी गेली. आजवर तिनं त्याचा चेहरा बघितला नव्हता. वॉर्डात पाय वर टांगलेले तिघं होते. ती दारातून मोठ्यानं म्हणाली, "खिडकी कोण पाठवतो इथून?" आणि मधल्या खाटेवरच्या माणसानं चादर गळ्यापर्यंत ओढली.

"भट्टीताई?"

"मग दुसरं कोण येणार इतक्या लांब शिव्या द्यायला? हा पाव घ्या. आधी खाऊन घ्या, नंतर पोटात जायचा नाही."

त्यानं खाल्ला. मग खरं सांगितलं. सकाळी त्या वेळेला तो बहुतेकदा कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या डोक्यावर उभा असे, हात ग्रीसनं भरलेले. शब्द राहिला की भट्टीताईंचे बोल खायला लागत. म्हणून एकदा लावून ठेवला. सोय झाली. मग रोजचंच झालं.

"आणि माझा शब्द आलाय की नाही, ते कधी बघत होता?"

"दुपारी. जेवताना."

"दुपारपर्यंत माझी राख झाली असती."

तिनं विचारलं, "आणखी कोण करतं असं?"

लिफ्टवाला प्लॅस्टरकडे बघू लागला. मग म्हणाला, "चौघा-पाचजणांना मीच शिकवलं. विचारलं त्यांनी. मला वाटलं, मदत होईल."

यावर बेकरीवालीला रागही आला आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की ती खोकू लागे. शेजारच्या खाटेवरच्यानं तिला पाणी दिलं. लिफ्टवाला कारागीर माणूस, कोणी काही अडलं म्हणालं की दुरुस्त करून देणारा. त्यानं त्यांचा ग्रुप असा दुरुस्त केला होता की तो माणसांशिवाय चालू लागला होता.

"तुम्हीच विचारलं होतं मला," ती शेवटी म्हणाली, "तुमच्याकडे कोण आहे म्हणून. त्या प्रश्नामुळे माझी बेकरी वाचली. मी तुमच्यावर विसंबले होते हो. खूप वाईट वाटलं मला."

लिफ्टवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्याला हात वर नेता येईना, एका हाताला सलाईन होतं, दुसऱ्यात उरलेला पाव. तिनं तिच्या पदरानं पुसलं आणि त्याच झटक्यात सांगून टाकलं, "उद्यापासून फोन करायचा. बोलायचं. पाय मोडलाय, जीभ शाबूत आहे."

परतीच्या बसमध्ये तिनं नवा नियम ग्रुपवर बोलून पाठवला, टाइप करायला बस फार हलत होती. लिहिलेला शब्द बंद. सकाळी प्रत्येकानं पुढच्याला फोन करायचा आणि विचारायचं, खिडकी उघडली का? आणि पुढच्यानं उघड्या खिडकीतून आज काय दिसतंय ते सांगायचं. कालचं सांगितलेलं चालणार नाही. दोन फोन उचलले नाहीत तर तिसरा करायचा नाही, सरळ त्याच्या नाकाला फोन. आणि नाकानं जाऊन दार हातानं ठोकायचं, बेल दाबायची नाही, दिवा लावायचा नाही, कारण गॅस कोंडला असेल तर एक ठिणगी पुरते.

ग्रुपमध्ये भडका उडाला. ही काय शाळा आहे का, असं एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, आम्ही आधारासाठी आलो होतो, हजेरीसाठी नाही. एका बाईंनी फुलांचा गुच्छ पाठवून निरोप घेतला. निम्मे गेले. नणंद म्हणाली, "वहिनी, जरा गोड बोलून बघा, सगळेच जातील." बेकरीवाली म्हणाली, "जाऊ देत. राहतील त्यांना मी मोजू शकेन." बोलली खरी, पण प्रत्येक जाणाऱ्याचं नाव ती दोनदा वाचत होती. भूगोलाच्या बाईंनी लिहिलं, "सकाळी चहाआधी मी माणसांशी बोलत नाही. नियमाची भाषाही सदोष आहे. तरी बघू." याचा अर्थ त्या राहिल्या.

रविवारी लेक लवकरच आली, हातात घडी केलेली खोकी. नणंद भट्टीपाशी उभी राहून पाव हुंगत होती. तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातून लिफ्टवाला.

"खिडकी उघडली का, भट्टीताई?"

"उघडली. समोरच्यानं दुकानाची पाटी पुसायला काढलीय आणि उलटी टेकवून ठेवलीय. आणि माझी लेक मला न्यायला आलीय."

"जाणार तुम्ही?"

"आधी भूगोलाला फोन करते," ती म्हणाली आणि ठेवला.

भूगोलाच्या बाईंचा फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही. तिनं पुन्हा लावला. लेक खोकं उघडत होती, ती थांबली.

"अंघोळीला गेल्या असतील."

"गेल्या असतील." बेकरीवालीनं फोन खाली ठेवला. तिचे हात पिठानं माखलेले होते. "भिंतीवर नंबर लावलेत बघ. त्यांच्या खाली एक शिंपी राहतो, तो त्यांचं नाक. तू लाव, माझी बोटं चालत नाहीत."

"मी बाईंनाच आणखी एकदा लावून बघू का?"

"नको. तिथे आता काही वाजायला नको."

लेकीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि शिंप्याला फोन लावला. त्यानं झोपेतच उचलला. ती सांगू लागली, आधी अडखळत, मग भराभर. "वरच्या बाई फोन उचलत नाहीत. तुम्ही वर जा. नाही हो काका, बेल दाबू नका, दार ठोका, आणि जिन्यातला दिवा लावू नका. फोन तिथेच खाली ठेवून जा, बंद करू नका, मी थांबते." मग ती फोन कानाला लावून पिठाच्या ओट्याशी उभी राहिली. पलीकडे पावलं, मग दार बडवल्याचे आवाज. मग बराच वेळ काही नाही. नणंदेनं भट्टीतला ट्रे बाहेर काढला तो तसाच हातात धरला. लेकीनं दुसऱ्या हातानं आईचं मनगट घट्ट पकडलं होतं, आणि पकडलंय हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

शिंपी परत आला तो धापा टाकत. आत गॅसच गॅस. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. बाई आतल्या खोलीत डोकं दुखतंय म्हणून पडल्या होत्या. दार त्यांनी कसंबसं उघडलं. त्यानं रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि बाईंना खाली अंगणात खुर्चीवर बसवलं. बोलताहेत, आणि त्याच्या चपला घरात आल्याबद्दल ओरडताहेत.

लेक पोत्यावर बसली.

थोड्या वेळानं भूगोलाच्या बाईंचा फोन आला. बेकरीवालीनं तो ओट्यावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"उशीर झाला," बाई म्हणाल्या. आवाज जड होता. "आधी माझ्या पुढच्याला फोन केला. त्याची खिडकी उघडी आहे. समोर कोणीतरी गादी वाळत घातलीय म्हणतो. मग तुम्हाला करतेय."

"अहो बाई, आज नसता केला तरी चाललं असतं."

"कसं चाललं असतं? माझी पाळी होती ना." मग त्यांच्या आवाजातला मास्तरीपणा गेला. "भट्टीताई, एक सांगते. थंडीच्या दिवसांत मी अंथरुणातूनच 'खिडकी' लिहायचे. नंतर उघडायची, कधी राहूनही जायचं. आजही उघडली नव्हती. जुना नियम असता तर माझा शब्द तुम्हाला वेळेवर मिळाला असता."

बेकरीवालीनं डोळे पुसले, पीठ सगळं गालाला लागलं. मग म्हणाली, "आता उघडी आहे ना? अंगणातून काय दिसतंय ते सांगा."

बाईंनी सांगितलं. बराच वेळ सांगितलं.

फोन ठेवल्यावर लेकीनं उघडलेल्या खोक्याची पुन्हा घडी केली. "मी अजून घाबरतेच आहे, आई," ती म्हणाली.

"मीही घाबरते. म्हणून तर फोन करते."

लेक उठून भिंतीपाशी गेली आणि आईच्या नावापुढचा नंबर वाचू लागली. "तुझं नाक म्हणून एकट्या आत्याचंच नाव आहे. आत्या कधी बाहेरगावी गेली तर?"

"मग काय करू?"

"खाली माझं लिही. लांबून मी समोरच्या दुकानदाराला तरी उठवीन. आणि त्या लिफ्टवाल्यांना सांगून ठेव, सकाळी मी गाढ झोपलेली असते. जरा जास्त वेळ वाजवा म्हणावं."